कच्चं मांस, गुंड्या आणि सासूबाईंचा फ्रीज

वाचकांचं पत्र

आमचा गुंड्या तीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, नसबंदी झालेला, वजन ३४ किलो. सकाळी पाकिटातलं कोरडं खाणं आणि रात्री दूध-पोळी असं त्याचं चालू आहे. धाकट्या मुलाने काही व्हिडिओ पाहिले आणि तेव्हापासून घरात रोज वाद. त्याचं म्हणणं, कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चं मांस, हाडं आणि कलेजी द्यायची. ८० टक्के मांस, १० टक्के हाडं, १० टक्के कलेजी वगैरे, आणि रोज वजनाच्या तीन टक्के. रस्त्यावरची कुत्री कच्चं खाऊन जगतातच की, असंही तो म्हणतो. सासूबाई ७४ वर्षांच्या, त्यांची केमो चालू आहे आणि त्या आमच्याकडेच असतात. त्यांचे सोमवार, गुरुवार, शनिवार कडक. श्रावणात फ्रीजमध्ये अंडंही चालत नाही. कच्चं द्यावं का? द्यायचं तर संतुलित कसं करायचं?
ता. क. नणंदेने चार महिन्यांचं जर्मन शेफर्ड पिल्लू आणलंय. तीही हेच सुरू करायच्या बेतात आहे.
– गुंड्याची आई, मुलुंड

ताई,

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. सासूबाईंची केमो चालू आहे तोवर तुमच्या घरात कुत्र्यासाठी कच्चं मांस नको. ताजं मांस गुंड्याला जरूर द्या, पण शिजवून. आणि रात्रीची दूध-पोळी आजपासून बंद. कच्च्या मांसाच्या वादात तिच्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं दिसत नाही.

मुलाला मात्र झिडकारू नका, त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. कच्चं खाणाऱ्या कुत्र्यांची शी कमी आणि घट्ट होते, केस चकाकतात, हे लोक कल्पनेने सांगत नाहीत. मांस जवळजवळ सगळं पचतं, चोथा उरत नाही, म्हणून शी कमी. चकाकी येते ती चांगल्या चरबीमुळे. पण कोंबडी कुकरमधून काढून दिली तरी हे दोन्ही होतं.

लांडग्याच्या मुद्द्याचं उत्तर २०१३ मध्येच मिळालेलं आहे. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं ताडून पाहिली. स्टार्च पचवणारं अमायलेज ज्या जनुकामुळे तयार होतं, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या कितीतरी जास्त सापडल्या. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढलेला प्राणी आहे हा, त्याला भात नीट पचतो. रस्त्यावरच्या कुत्र्यांचं म्हणाल तर त्यांचंही रोजचं जेवण पाव, बिस्किटं आणि शिळा भात हेच असतं. कच्चं मांस मिळतं ते मटणाच्या दुकानासमोर ठिय्या देऊन बसलेल्यांना. त्यांना काय होतं? बरंच काही होतं, फक्त त्यांना तपासायला कुणी नेत नाही.

आता मुंबईतलं मांस. मुलाला एकदा रविवारी सकाळी कोंबडीच्या दुकानात घेऊन जा आणि नुसतं उभं राहून बघायला सांगा. एकच ओंडका, एकच सुरा, पिसं काढायचं एकच पिंप, आणि मग पातळ पिशवीत बांधलेली कोमट कोंबडी, जी दमट तीस-बत्तीस अंशांत रिक्षाने घरी येते. मी दुकानदाराला नावं ठेवत नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन वाटण लावणार आणि खदखदून उकळणार, हे त्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही. आपल्याकडचा मांसाचा सगळा व्यवहार त्या एका उकळीच्या भरवशावर चालतो. कच्चं खाऊ घालायचं म्हणजे नेमकी तीच पायरी गाळायची. ज्या देशांतून हे व्हिडिओ येतात तिथे मांस कारखान्यातून थंडगार बाहेर पडतं आणि घरी पोचेपर्यंत थंडच राहतं. तरीही अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्येच कच्च्या मांसाविरुद्ध भूमिका घेतली.

साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू कच्च्या कोंबडीवर सर्रास असतात. 'कुत्र्याच्या पोटातलं आम्ल ते मारून टाकतं' हे मुलगा नक्की ऐकवेल. अर्धवट खरं आहे. निरोगी कुत्रा बहुतेक वेळा आजारी पडत नाही, पण त्याच्या शीतून ते जंतू दिवसेंदिवस बाहेर पडत राहतात. आणि गुंड्या काही शी झाल्यावर साबण लावत नाही. तो ढुंगण चाटतो, मग येऊन सासूबाईंचा हात चाटतो. तुमच्या-माझ्यासारख्याला यातून चार दिवस जुलाब होतील. केमोमुळे पांढऱ्या पेशी खाली आलेल्या माणसाच्या बाबतीत तेच जंतू रक्तात उतरू शकतात. हा धोका मला केसांच्या चकाकीसाठी पत्करण्यासारखा वाटत नाही, आणि मुलाला आजीचं नाव घेऊन सांगितलं तर त्यालाही वाटणार नाही.

फ्रीझरने हा प्रश्न सुटत नाही. घरच्या फ्रीझरमधल्या उणे १८ अंशांत हे जंतू मरत नाहीत, निपचित पडून राहतात. मांस बाहेर काढून ओट्यावर वितळायला ठेवलं की पुन्हा जागे.

कलेजीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण व्हिडिओत याचा उल्लेखही नसतो. शेळ्या-मेंढ्या आणि म्हशींच्या कलेजीत, फुफ्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्यात एका फीतकृमीची पिल्लावळ असते. कुत्र्याने ती गाठ कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात बारीक कृमी वाढतात, कुत्र्याला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि शीतून अंडी बाहेर पडू लागतात. ती अंडी हातावाटे माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या यकृतात, फुफ्फुसात तशाच गाठी धरतात. हायडॅटिड म्हणतात त्याला. गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि बऱ्याचदा शस्त्रक्रियेपर्यंत जाते. आपल्या देशात हा आजार आहे, पुस्तकातला नाही. खाटकाने स्वस्तात दिलेली वजडी, फुफ्फुस, 'खराब निघाली म्हणून कुत्र्याला घ्या' अशी कलेजी, यातलं काहीही कच्चं देऊ नका, आज नाही आणि सासूबाई बऱ्या झाल्यावरही नाही. नीट शिजवलं की हा धोका संपतो.

बर्ड फ्लूची साथ असेल तेव्हा कच्च्या कोंबडीचा विचारही नको. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने दगावले, आणि संशय त्यांना खाऊ घातलेल्या कोंबडीवर होता. मांजरवर्गाला हा विषाणू कुत्र्यापेक्षा जास्त भोवतो, पण तुमच्या शेजाऱ्यांकडे मांजर असेल तर तिलाही कोंबडीचे कच्चे तुकडे टाकू नका म्हणावं.

आता तुमचा खरा प्रश्न, संतुलित म्हणजे काय. इथे कच्चं आणि शिजवलेलं दोन्ही एकाच जागी अडकतं: कॅल्शियम. शंभर ग्रॅम चिकनमध्ये फॉस्फरस साधारण २०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम जेमतेम १० ते १२. कुत्र्याला लागतं उलट, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसइतकं किंवा त्याहून जास्त, दुपटीपर्यंत. नुसत्या चिकन-भातावर वाढणाऱ्या कुत्र्याचं शरीर ही तूट स्वतःच्या हाडांतून काढून भरतं. रक्ततपासणीत कॅल्शियम बरोबर दिसतं, कारण हाडं ते पुरवत असतात. म्हणूनच 'आमचे सगळे रिपोर्ट नॉर्मल' यावर मी फार विसंबत नाही.

८०-१०-१० मध्ये हाडं असल्यामुळे कॅल्शियमचं बरंचसं भागतं, हे मुलाच्या बाजूने. पण जस्त, आयोडीन, मँगनीज, जीवनसत्त्व ड आणि ई हे त्या प्रमाणात सहसा अपुरे पडतात, आणि ते गणित डोळ्यांनी दिसत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यांनी २०१३ मध्ये घरी करायच्या २०० पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, संकेतस्थळांवरच्या, काही तर पशुवैद्यांनीच लिहिलेल्या. त्यातल्या ९५ टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. 'आज कोंबडी, उद्या मासे, आठवडाभरात जमून जातं' हा युक्तिवाद छान वाटतो, पण जस्त रोजच कमी पडत असेल तर ते आठवड्यातही कमीच राहणार.

आणि हाडं. कच्चं मोठं नळीचं हाड कुत्र्याचा दात उभा चिरू शकतं, शिजलेलं हाड टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततं. गणपतीनंतर आणि होळीच्या आसपास मटणाची हाडं खाऊन अडकलेली कुत्री दवाखान्यात यायची ठरलेलीच. कोंबडीच्या कच्च्या मानांबद्दल तर २०१८ मध्ये मेलबर्न विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी इशारा दिला: त्यातल्या कॅम्पिलोबॅक्टरचा कुत्र्याच्या पायांतली शक्ती जाण्याच्या एका आजाराशी संबंध दिसला.

तर गुंड्याचं ताट. आधी कॅलरी, कारण तो जाड आहे; रात्रीची दूध-पोळी बंद करायला सांगितली ती यासाठीच. रागावू नका, लॅब्रॅडॉरमध्ये हे अंगचं असतं. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये जवळपास चारांतल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये जनुकातला असा दोष सापडला, ज्यामुळे पोट भरल्याची जाणीवच कमी होते. तो मागतो म्हणजे उपाशी आहे असं समजू नका. त्याचं योग्य वजन २९-३० किलो धरलं तर टिकवायला दिवसाला साधारण १,२०० कॅलरी आणि उतरवायला ९०० च्या आसपास पुरतात. मुलाच्या तीन टक्क्यांनी हिशोब केला तर रोज एक किलो. कातडीसकट कोंबडीचं एक किलो मांस म्हणजे २,००० कॅलरींच्या घरात! आणि एक विचारून ठेवते: सासूबाई चहाबरोबर त्याला ग्लुकोज बिस्किटं किती देतात? एका बिस्किटात वीस-पंचवीस कॅलरी असतात. दहा बिस्किटं म्हणजे दिवसभराच्या जेवणाचा पाव हिस्सा.

दिवसाचं शिजवलेलं जेवण साधारण असं. कातडी आणि हाडं काढलेलं चिकन ४०० ग्रॅम, कच्चं असताना मोजलेलं. कोंबडीची कलेजी २५ ग्रॅम. जास्त नको, कारण त्यात जीवनसत्त्व अ इतकं असतं की रोज वाटीभर दिल्यास महिन्यांनी सांधे आखडतात. एक उकडलेलं अंडं. लाल भोपळा, दुधी किंवा फरसबी १५० ग्रॅम. शिजलेला भात १५० ग्रॅम. वरून छोटा चमचाभर तेल. आणि अंड्याच्या कवचाची पूड ४ ग्रॅम. कवचं उकळून, कडकडीत वाळवून मिक्सरमध्ये मैद्यासारखी बारीक करा. एका अंड्याचं कवच साधारण पाच-सहा ग्रॅम भरतं, म्हणजे रोज एक पुरून उरतं. चमच्याने अंदाज घेऊ नका, तीन-चारशे रुपयांचा वजनकाटा आणा. आठवड्यातून दोनदा चिकनच्या जागी थोडी तारली किंवा बांगडा, शिजवून, काटे काढून. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या खारवलेल्या मासळीवर जाऊ नका, मीठ फार.

कांदा-लसूण यात चुकूनही नको, त्याने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात. म्हणून तुमच्या रश्शातलं बाजूला काढून देणं बाद; त्याचं आधी वेगळं शिजवायचं. चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात आणि तिथेच सासूबाईंची औषधं ठेवलेली असतात. थेट कुकरमध्ये.

हे ताट तरीही पूर्ण नाही. आयोडीन, जस्त, ड आणि ई यांसाठी घरच्या जेवणात मिसळायची कुत्र्यांचीच खनिज-जीवनसत्त्वांची पूड लागते. ती तुमच्या डॉक्टरांना वरचं ताट दाखवून ठरवा, किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. पुडीत कॅल्शियम असेल तर कवचाचं प्रमाण तेवढं कमी करावं लागेल. माणसांची औषधं देऊ नका. आपल्याकडे घरोघरी जीवनसत्त्व ड ची ६०,००० युनिटची पाकिटं पडलेली असतात. गुंड्याची दिवसाची गरज दीडशे युनिटच्या आसपास आहे. ड शरीरात साठत जातं आणि जास्त झालं की मूत्रपिंड निकामी करतं.

इतकं सगळं रोज जमणार नसेल, आणि केमोच्या धावपळीत मला तरी ते अवघड दिसतं, तर सरळ मार्ग असा: पाकिटातलं चांगलं संपूर्ण खाद्य दोन्ही वेळा, मोजून, आणि त्यावर दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापर्यंत शिजवलेलं चिकन, अंडं किंवा भोपळा. तेवढ्याने संतुलन बिघडत नाही. यात कमीपणा काही नाही. माझं मत विचाराल तर पुढचे सहा महिने हेच करा.

श्रावणाचा प्रश्नही त्याने सुटतो. कोरड्या खाद्यातही कोंबडीच असते, पण ती डब्यात, कपाटात, दृष्टीआड. बहुतेक सासूबाईंना एवढी तडजोड चालते असा माझा अनुभव आहे. पुढे कधी घरचं जेवण सुरू केलंत तर गटारीच्या दिवशी एकदम बदलू नका. आठवडा-दहा दिवस आधीपासून कोरडं थोडं थोडं वाढवत न्या, नाहीतर ऐन श्रावण सोमवारी गुंड्याचे जुलाब पुसत बसाल. परत येतानाही तसंच, गणपती विसर्जनानंतर हळूहळू.

सासूबाई पूर्ण बऱ्या झाल्या, डॉक्टरांनी त्यांच्या पेशी ठीक आहेत म्हणून सांगितलं, आणि मुलाचा आग्रह टिकून राहिला, तर पुन्हा लिहा. तेव्हाही माझ्या अटी असतील: गोठवलेलं तयार खाद्य घ्यायचं तर विकणाऱ्याकडून जंतूंची तपासणी आणि 'संपूर्ण व संतुलित' असल्याचं लेखी मागायचं, भांडी वेगळी, उरलेलं वीस मिनिटांत उचलायचं, शी त्याच दिवशी हातमोजे घालून साफ करायची आणि फीतकृमीवरचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतराने. हे सगळं मुलाने करायचं, तुम्ही नाही.

नणंदेच्या पिल्लाबद्दल मात्र मी जास्त कडक बोलणार आहे. चार महिन्यांचं जर्मन शेफर्ड म्हणजे हाडं भरभर वाढायचा काळ. त्याला दर १,००० कॅलरींमागे कॅल्शियम ३ ग्रॅम तरी हवं आणि ४.५ ग्रॅमच्या वर नको. कमी पडलं तर पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडतं. जास्त झालं तरी सांधे बिघडतात, कारण या वयात जादा कॅल्शियम आतड्यातून अडवण्याची यंत्रणा तयार झालेली नसते. म्हणून 'मांस-भात आणि वरून कॅल्शियमचं टॉनिक' हा आपल्याकडचा लाडका उपाय पिल्लाला दोन्हीकडून मारतो. तिला सांगा, दीड वर्षापर्यंत मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं संपूर्ण खाद्य, टॉनिक बंद, मांसाचे प्रयोग बंद. पिल्लू आत्ताच लंगडत असेल, मागचे पाय आत वळलेले दिसत असतील किंवा उचलताना ओरडत असेल, तर या आठवड्यातच एक्स-रे काढून घ्यायला लावा. ती ऐकत नसेल तर हा अंक तिच्याकडे पाठवा, वाईटपणा माझ्याकडे.